बेलडोहाचं पाणी निवळलं

“गोळी फेकायची नाही वं. सोडायची. जेवायले बसलेल्याच्या पुढ्यात कोणी पोळी फेकते का?”

माझ्या सासूबाई, जनाबाई, हे म्हणाल्या तेव्हा माझ्या हातावरची लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती. बेलडोह तलावाच्या घाटावर त्यांनी मला उकिडवं बसवलं, माझं मनगट धरून हात पाण्याच्या अगदी जवळ नेला आणि कणकेची गोळी बोटांतून हळूच सुटू दिली. गोळी बुडायच्या आत खालून एक काळसर पाठ वर आली, पाण्यावर वळी उमटली आणि गोळी दिसेनाशी झाली.

“पाहिलं तिनं तुले,” सासूबाई म्हणाल्या. “आता खाडा पडू द्यायचा नाही. मी गेल्यावरही नाही.”

मी मान हलवली. नव्या सुनेचं तेवढंच काम असतं.

आमची वस्ती विणकरांची. नागपूर शहराच्या कडेला, गारगोटीच्या बोडक्या टेकड्यांमध्ये हा तलाव आणि तलावाच्या अंगाला आमची घरं. हातमाग चालत होते तेव्हा ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, भाताची खळ लावायचे. खळ शिजली की पहिला गोळा मासोळीचा, मग सूत. सूत रंगायचं ते याच पाण्यात, तेव्हा पाण्यात राहणाऱ्याला आधी जेवू घालायचं, असा त्यामागचा हिशोब. माग गेले. माझे मालक रुपराव सदरच्या एका दुकानात बसून सुरतेच्या मशीनवर विणलेल्या साड्या उलगडून दाखवतात. खळ कोणी शिजवत नाही. पण सासूबाईंनी खळीच्या जागी कणीक धरली, आणि त्यांच्यामागे मी. सकाळची आंघोळ, तुळशीला पाणी, मग घाट. मासोळीच्या तोंडात घास पडल्याशिवाय आपल्या तोंडात पाणीही घ्यायचं नाही. सोमवार, एकादशी, शुक्रवार मी करते, पण हे त्यांच्यातलं नाही. उपासाला अंत असतो, संध्याकाळी सुटतो. हे सुटण्यासारखं नव्हतंच.

टेकड्यांच्या पलीकडे विजेच्या कारखान्याच्या चिमण्या आहेत. मी आले तेव्हा कमी होत्या, बुटक्याही होत्या. पुढे वाढल्या, उंच झाल्या. वाळवणावर राख बसायची, कुरडया करड्या व्हायच्या, आणि आम्ही बायका राखेवर चिडायचो. राखेसाठी वस्तीनं अर्ज केले, एकदा रस्ताही अडवला. पावसाबद्दल कोणी अर्ज केला नाही. पाऊस दिसायला स्वच्छच होता. उलट पाऊस पडला की राख धुऊन जायची, म्हणून आम्ही त्याची वाट बघायचो.

सासूबाई गेल्या तेव्हा तलावाचं पाणी हिरवट होतं, हिरव्या मुगाच्या कढणासारखं. त्यानंतर काही वर्षांनी ते बदलायला लागलं. आधी घाटाच्या पाण्यातल्या पायऱ्या दिसू लागल्या. मग पायऱ्यांखालचे खडक. मग त्याच्याही खाली, कुणाच्या काळी बुडालेली घागर. पाणी निळं दिसायला लागलं, एखाद्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखं.

विणकराला निवळ पाण्याइतकं दुसरं प्रिय काही नसतं. गढूळ पाण्यात सूत मळतं, रंग बसत नाही. म्हणून पूर्वी घरोघरी रंगाच्या हंड्यात तुरटी फिरवत. तुरटी फिरली की गाळ खाली बसतो आणि पाणी काचेसारखं होतं. बेलडोह असा काचेसारखा झाला तेव्हा वस्तीत एकच बोलणं झालं, “देवीनं तुरटी फिरवली.”

आम्ही तलावाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. विक्की म्हणून आमच्या वॉर्डातला एक पुढारी आहे, चाळिशीचा, पण सगळे विक्कीच म्हणतात, त्यानं फलक लावला, ‘सुंदर तलाव, आपला तलाव’. शहरातून लग्न ठरलेली पोरं-पोरी फोटो काढायला यायला लागली. लांब झग्यातली मुलगी घाटावर पाय सोडून बसायची आणि फोटोवाला ओरडायचा, “मॅडम, पानी को देखो, प्यार से!” आमची शेजारीण सुमती पदर तोंडाला लावून हसायची. “पाहून घे गं बाई प्रेमानं, लग्न झाल्यावर नळाच्याच पाण्याकडे पाहायचं हाये.”

ढीवर मंडळींचे आनंदराव तेव्हा तलावावर जाळं टाकायचे. ते त्या दिवसांत फार खुशीत होते. “वहिनी, अशी रोहू माह्या बापानं नाही पाहिली,” असं म्हणत दोन्ही हातांनी माप दाखवायचे. खरोखर मोठ्या मासोळ्या निघत होत्या. वस्तीभर कौतुक. मोठ्या मासोळ्या बघताना लहान कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. मी रोज गोळ्या सोडायचे तेव्हा पूर्वी बारकी पिल्लं यायची, गोळीला चारी बाजूंनी टोचे मारायची, तिला नाचवायची. आता ती येत नव्हती. मोठ्याच यायच्या, सावकाश, आणि एका घोटात गोळी घेऊन जायच्या. मला वाटलं, मोठ्यांना भिऊन लहान दूर राहत असतील. घरात असं होतंच.

मग जाळं रिकामं यायला लागलं. आनंदरावांनी काही दिवस वाट पाहिली, नाव उलटी करून ठेवली, आणि ते बेसा रोडला बर्फातली आंध्राची मासोळी विकायला बसले.

घाटावर माझ्या हाताशी येणाऱ्या कमी कमी होत गेल्या. गेल्या मार्गशीर्षात दोन-तीनच उरल्या होत्या. त्यातली एक रोहू फार म्हातारी, शेपटीचा पंखा फाटलेला. ती अगदी घाटाला लागून थांबायची, मी उशीर केला तरी थांबायची.

त्याच मार्गशीर्षात मिनल आली. मिनल माझ्या धाकट्या दिराची, सुशीलची मुलगी. बेस्याला राहतात ते. केमिस्ट्री शिकलेली, पाण्यावरच्या एका संशोधनात कामाला. आमच्याकडे थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणतात, तशी ती मला म्हणते. स्कूटी घाटावर लावून तिनं स्कार्फ सोडला, बाटल्या काढल्या, पाण्यात कसलीशी कांडी धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

“मोठी आई, हे पाणी आंबट आहे.”

“चाखलं का काय तू?”

ती हसली, पण थोडंसंच. सुमती धुणं घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं आणि लगेच म्हणाली, “अवं जयवंता, आज शुक्रवार! तुह्या व्रताले आंबट चालत नाही ना? आता हात धुशील तर व्रत मोडलं समज.”

मीही हसले. नंतर त्या हसण्याची आठवण मला नको वाटायची.

मिनलनं काठावरच्या चिखलातून एक शंख उचलला आणि दोन बोटांत दाबला. तो पापुद्र्यासारखा चुरला. “याला कवच करायला चुना लागतो,” ती म्हणाली. “पाण्यात चुना राहिलाच नाही. काळ्या मातीत चुनखडी असते, ती आंबटपणा मारते. आपल्या टेकड्या गारगोटीच्या. त्यांच्याजवळ मुळातच थोडा होता. इतकी वर्षं धुराचा पाऊस पडला, टेकड्यांनी होतं नव्हतं ते खर्चून त्याला तोंड दिलं. आता टेकड्यांकडे काही नाही. पडेल ते सरळ तलावात.”

“पण पाणी तर चांगलं झालं ना वं,” मी म्हटलं. “निवळलं. देवीनं तुरटी फिरवल्यासारखं.”

तिनं बोटांवरचा शंखाचा चुरा झटकला. मग हळू म्हणाली, “तसंच झालं आहे, मोठी आई. तुरटीत जे ॲल्युमिनियम असतं ना, तेच आंबट पाणी मातीतून सोडवून आणतं. ते तलावातला सगळा गाळ, शेवाळ, बारीक जीव खाली बसवतं. म्हणून तळ दिसतो. आणि तेच माशांच्या कल्ल्यांवर चिकटतं. श्वास घेता येत नाही त्यांना. अंडी घातली तरी फुटत नाहीत, पिल्लू आतच राहतं.”

मी पाण्याकडे बघितलं. म्हातारी रोहू घाटाला लागून होती, तोंड उघडत होती, मिटत होती.

“मग ह्या कशा जगल्या?”

“ह्या जुन्या आहेत. पाणी बरं होतं तेव्हा जन्मलेल्या.” मिनलनं बाटलीचं झाकण लावलं. “यांच्यामागे कोणी नाही.”

मी त्या दिवशी म्हातारीच्या पुढ्यात एक गोळी जास्त सोडली. आम्ही ज्याची ओटी भरली होती, ते नेमकं काय होतं, हे मला कळलं होतं. ओटी परत मागता येत नाही.

मिनल रात्रीच्या जेवणाला थांबली. रुपराव दुकानातून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. तिनं त्यांनाही सगळं सांगितलं. ते भाकरी कुस्करता कुस्करता ऐकत होते.

“चिमण्या बंद झाल्या तर?” त्यांनी विचारलं.

“उद्या झाल्या तरी लगेच काही नाही, मोठे बाबा. इतक्या वर्षांचं मातीत मुरलेलं आहे, ते झिरपतच राहणार. टेकड्यांत नवा चुना तयार व्हायला दगड झिजावा लागतो.”

“म्हणजे किती?”

“आपल्या हयातीत नाही.”

रुपराव जेवायचे थांबले. “माह्या आईनं पोटच्या पोरासारख्या पाळल्या त्या मासोळ्या,” ते म्हणाले. “बुढी तापानं फणफणली तरी घाटावर जायची. एक तरी वाचली पाहिजे ना बाप्पा. काही औषध नाही का याच्यावर?”

“काही देशांत असे तलाव वाचवायला चुनखडीची बारीक पूड टाकतात. नावेतून, सगळ्या तलावभर, थोडी थोडी. पुन्हा पुन्हा टाकावी लागते. आमच्या संस्थेनं प्रस्ताव दिला होता, मंजूर झाला नाही. आणि झाला असता तरी ते सलाईन लावल्यासारखं आहे. काढलं की पेशंट खाली.”

“चुना!” रुपराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “अवं, मग तलावाले एक खर्रा चारून देऊ. चुना मारके!”

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूत चुना घालून घोटतात तो; आम्ही तिघंही हसलो. नागपूरच्या माणसाला खर्ऱ्याचा विनोद सुचला की समजावं, त्याला बरं वाटलं. पण मिनलनं सांगितलेल्या इतक्या शब्दांतून त्यांनी चुना हा एकच उचलला होता. पूड, नाव, थोडी थोडी, सगळीकडे, हे सगळं ताटाशीच राहिलं. विणकराच्या घरात चुना म्हणजे एकच. भिंतीला देतात तो, भट्टीतून भाजून येतो तो, कळीचा.

माघात, पौर्णिमेच्या सकाळी, मी नेहमीप्रमाणे घाटावर गोळ्या सोडत होते. म्हातारी रोहू आली होती, दुसरी एक थोडी लांब होती. मागून टेम्पोचा आवाज आला. टेम्पोत गोण्या, वर विक्की, पुढे ड्रायव्हरजवळ रुपराव. वस्तीतली माणसं मागोमाग. कुणीतरी ताशा आणला होता. रुपरावांनी धुतलेला सदरा घातला होता, कपाळाला गुलाल होता.

“वहिनी, बाजूले व्हा,” विक्की म्हणाला. त्यानं फोन वर धरला होता. “आज तलावाले नवीन जीवन भेटून राहिलं. आख्खा वॉर्ड बघून राहिला.”

“हे काय आहे?” मी रुपरावांना विचारलं.

“चुना,” ते म्हणाले. लहान पोरानं आईला बक्षीस दाखवावं तसे. “भट्टीवरून आणला. ताजा.”

“मिनलले विचारलं का?”

“विचारायचं काय त्याच्यात? तिनंच तर सांगितलं.”

“ती पूड म्हणाली होती. नावेतून म्हणाली होती.” माझा आवाज लहानपणापासून बारीक. ताशापुढे तो कुठे पोचणार? मी पुन्हा म्हटलं, “अहो, थांबा. एक फोन करा तिले.”

“चुना म्हणजे चुना, वहिनी,” विक्की म्हणाला. “आता काय चुन्यातही जात-पात हाय का?” लोक हसले. “आणि हिथंच टाकायचा, घाटावर. मासोळ्या हिथंच येतात ना तुमच्याजवळ? डायरेक्ट त्यांच्या तोंडात औषध.”

पहिली गोणी उलटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी, तिसरी. ढेकळं पाण्यात पडली आणि पाणी खदखदायला लागलं, तेलात ओलं काही पडावं तसं. वाफ आली. निळं पाणी पांढरं होत होत ताकासारखं झालं. कुणीतरी ‘जनाबाई की जय’ म्हटलं. रुपरावांनी हात जोडले.

मग ती म्हातारी रोहू वर आली. एका कुशीवर. तोंड उघडं, कल्ले पसरलेले, डोळ्यावर पांढरा पडदा. ती एकदा गोल फिरली, घाटाच्या पायरीला लागली, पुन्हा सरकली. पलीकडे दुसरी. ताशावाला उगाच दोन ठोके वाजवून थांबला.

रुपराव पाण्यात उतरले. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. कमरेपर्यंत त्या पांढऱ्या पाण्यात जाऊन त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि वर आले. तिला ते टेकडीकडच्या स्वच्छ पाण्यात सोडायला निघाले होते, पण दोन पावलांत त्यांच्या लक्षात आलं. ते तिला तसेच हातावर घेऊन उभे राहिले. धुतलेल्या सदऱ्यावर चुन्याचे ओघळ.

विक्कीनं फोन खिशात टाकला. “होते एखाद्या वेळी,” तो म्हणाला. “म्हातारीच होती ना ती.”

संध्याकाळी मिनल आली. मला वाटलं होतं ती रागावेल. ती रुपरावांसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मोठे बाबा, पाय दाखवा.” पिंढऱ्यांची सालं निघाली होती. तिनं मलम लावलं. ते भिंतीकडे बघत होते.

“मी आईले काय सांगू?” त्यांनी विचारलं.

मिनलनं मलमाची डबी बंद केली.

घाटाजवळचं पाणी पुढे काही दिवस मोजल्यावर कमी आंबट निघालं. मिनलनंच सांगितलं, तेही नजर चुकवून. वस्तीत थोडी आशा धरली गेली. विक्कीनं आणखी एक टेम्पो आणायचं बोलून दाखवलं. मग फाल्गुनात गारांचा पाऊस झाला, टेकड्यांवरून ओहोळ आले, आणि पाणी पुन्हा होतं तितकंच आंबट झालं. पांढरेपणा गेला. तळ पुन्हा दिसायला लागला, पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

मी जात होते. खाडा नाही पडू दिला. गोळी सोडायची आणि बघत राहायचं. पाण्याखाली ती हळूहळू उतरायची, पायरीवर टेकायची, पांढरी, गोल, जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ दुसरी. त्या लवकर कुजतही नव्हत्या. कुजवायलाही कोणी जिवंत लागतं, मिनल म्हणाली. वरून पाहिलं तर घाटाच्या पायरीवर कुणी साबुदाणा सांडून गेल्यासारखं दिसायचं.

“असं किती दिवस चालवशील वं?” सुमतीनं एक दिवस विचारलं. थट्टा नव्हती तिच्या आवाजात. “उद्यापन करून टाक. सगळ्या व्रताचं असते उद्यापन, याचंही असन.”

मी देवळातल्या गुरुजींना विचारलं. त्यांनाही असं कोणी आधी विचारलेलं नव्हतं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “चांदीची मासोळी करा, पूजा करा आणि पाण्यात सोडून द्या. एका जोडप्याला जेवू घाला. व्रत पूर्ण झालं.”

चांदीची मासोळी करायची गरज नव्हती. आमच्याकडे बायका पायाच्या बोटांत घालतात त्या जोडव्यांना मासोळ्याच म्हणतात, आणि पूर्वीच्या खरोखर मासोळीच्या आकाराच्या असत, खवले, डोळा, सगळं. सासूबाईंच्या होत्या. सासरे गेले तेव्हा त्यांनी त्या उतरवून माझ्या हातात ठेवल्या होत्या.

“करून टाक,” रुपरावही म्हणाले. हल्ली ते फार बोलत नाहीत. “माह्यापायी तुले दोष नको लागायले.”

चैत्रात, शुक्ल पक्षात, मी मासोळ्यांना हळदकुंकू लावलं, तळहातावर घेतल्या आणि घाटावर बसले. ऊन वर येत होतं. पाणी इतकं निवळ की माझ्याच गोळ्या मला मोजता आल्या असत्या. मी हात पाण्याजवळ नेला. आणि मला दिसलं, ह्या सोडल्या तर कुठे जाणार? पायरीवर त्या गोळ्यांमध्ये पडून राहणार. ऊन आलं की चमकणार. फोटो काढायला येणारी पोरं म्हणणार, ते बघ, मासोळी. लोक मान वाकवून बघणार आणि त्यांना बरं वाटणार.

आणि पूर्ण काय झालं होतं? उद्यापन म्हणजे देवाला सांगायचं, घेतलेलं काम पार पडलं. मी कुणाला जेवू घातलं होतं?

मी हात मागे घेतला. मासोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि घरी येऊन सुमतीला सांगितलं, नाही जमलं. 

त्या दिवसापासून मी मासोळ्यांसाठी कणीक भिजवणं थांबवलं. मोडलं नाही, सुटलंही नाही. मधेच उभं राहिल्यासारखं झालं. सकाळी आंघोळीनंतर हात आपोआप परातीकडे जायचे आणि मग त्यांना काय करावं सुचायचं नाही. देवापुढे बसले तरी मंत्र अर्ध्यात सुटायचा. रुपराव एकदा म्हणाले, “घरात कोणी गेल्यावानी वाटते.” मी म्हटलं, “गेलंच आहे.”

श्रावणात मिनल पुन्हा आमच्या घरी आली. या वेळी बाटल्या रिकाम्या होत्या आणि ती उगाच त्या खोक्यात नीट लावत बसली. तिचं ते संशोधन संपलं होतं. तिला हैदराबादला नोकरी लागली होती, पोळा झाला की जाणार होती.

“मग आता इथलं पाणी कोण बघणार?” मी विचारलं.

“कोणीच नाही.” ती खोक्याकडे बघूनच बोलली. “मोठी आई, एक विचारू का? नाही म्हटलं तरी चालेल. मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी घाटावरून एक बाटली पाणी भरायचं. आधी त्याच पाण्यानं बाटली विसळायची, मग हात पुरेल तितका खाली नेऊन भरायची, बुडबुडा ठेवायचा नाही. रामदासपेठेत माझी मैत्रीण आहे प्रयोगशाळेत, ती मोजून ठेवेल. तिच्याकडे तेवढं पोचवायचं.”

“यानं तलाव बरा होईल का वं?”

“नाही.”

“थोडा?”

“नाही, मोठी आई. तुला खोटं नाही सांगणार. पुढची बाटली मागच्यापेक्षा वाईटच निघेल कदाचित.”

“मग काहून?”

तिनं शेवटची बाटली खोक्यात ठेवली. शेजारी सुमतीच्या घरात रेडिओवर आरती चालली होती.

“थोड्या वर्षांनी लोक म्हणतील, बेलडोहाचं पाणी पहिल्यापासून असंच होतं. सुंदर, निळं. मासे? इथे कधी मासे नव्हतेच. आणि तसं नव्हतं, हे म्हणायला कोणाजवळ काही पुरावा नसेल.”

मला विक्कीचा फलक आठवला. तो अजून तसाच होता, नुकताच पुन्हा रंगवला होता.

“किती वर्षं भरायचं?” मी विचारलं.

“जमेल तोवर. नंतर दुसरं कोणी.”

“माह्यामागे कोणी नाही, मिनल. मूल नाही, सून नाही.”

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं असेल, मी नाही म्हणते आहे. मी तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि देवघराखालच्या फळीवर सरकवलं.

“मी भरून देत जाईन,” मी म्हटलं. “खाडा नाही पडणार.”

भाद्रपदात, गौरी गेल्या त्या रात्री टेकड्यांवर फार पाऊस झाला. पहाटे तो थांबला. पन्हाळीतून थेंब पडत होते. रुपराव भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पायावरचे डाग पांघरुणाबाहेर दिसत होते. मी पांघरूण ओढून त्यांचे पाय झाकले. आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला. काही मागितलं नाही. मग फळीवरून एक बाटली काढली, पदराखाली धरली, दाराची कडी आवाज होऊ न देता काढली आणि घाटाच्या वाटेला लागले.